दिसतंय तोवर दाखवा

भिवंडीत ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड तपासण्यात माझं आयुष्य गेलं. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून ताका सरकत जातो आणि त्यातला तुटलेला ताणा, बाण्याची पट्टी, तेलाचा डाग पकडायचा. नजरेतून सुटला तर व्यापारी पैसे कापतो. शुगर मला चाळिशीत निघाली; आमच्या घराण्यातच ती आहे. पुढे तिने डोळे धरले. दोन्ही डोळ्यांवर उपचार झाले आणि आज चष्मा लावून मी पेपर वाचतो. तेव्हापासून कामतघरातली, पद्मानगरातली ओळखीची माणसं ‘तुम्ही काय केलंत?’ म्हणून विचारायला येतात. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगतो ते इथे एकत्र केलं आहे. मी डॉक्टर नाही. औषध आणि त्याची मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

१. दुखत नाही म्हणून ठीक आहे असं धरू नका.

दाढ ठणकली की माणूस मुकाट्याने दवाखान्याची पायरी चढतो. शुगरमुळे डोळ्याचं नुकसान होतं ते दुखत नाही, खुपत नाही, आणि बरीच वर्षं दिसायलाही स्वच्छ दिसतं. डोळ्याच्या मागच्या बाजूला पडदा असतो. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात, त्यांवर बारीक फुगवटे येतात, त्यांतून पाणी, चरबी आणि रक्त झिरपतं. काही वाहिन्या बंदच पडतात. मग पडद्याचा उपाशी राहिलेला भाग एक रसायन सोडतो आणि त्याने नव्या वाहिन्या उगवतात. ऐकायला हे बरं वाटतं, पण खरा घात याच नव्या वाहिन्या करतात. त्या इतक्या कच्च्या असतात की काही कारण नसताना, झोपेतसुद्धा फुटतात. रक्त डोळ्यातल्या जेलीत पसरतं आणि सकाळी माणूस म्हणतो, ‘रात्रीत नजर गेली.’ रात्रीत फक्त वाहिनी फुटलेली असते. बाकीचं काम आठ-दहा वर्षं चाललेलं असतं.

मोठ्या वयात होणारा मधुमेह बहुतेक वेळा सापडण्याआधी काही वर्षं अंगात असतो. म्हणून शुगर निघाली की लगेच पडदा तपासायचा आणि नंतर दरवर्षी, काही तक्रार असो वा नसो. लहानपणी इन्सुलिन सुरू झालेल्या मुलांची पहिली तपासणी निदानानंतर पाच वर्षांच्या आत. शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण त्या काळात हा आजार झपाट्याने वाढू शकतो.

केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ मध्ये पाहणी केली. त्यात पन्नाशीपुढच्या मधुमेही लोकांपैकी जवळपास १७ टक्क्यांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला. आपल्याला शुगर आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांतल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी पडदा कधीच तपासून घेतला नव्हता. मला या दुसऱ्या आकड्याचा जास्त राग येतो.

२. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळा तपासला असं होत नाही.

धामणकर नाक्यापासून मंडईपर्यंत चष्म्याची दुकानं कमी नाहीत. तिथे नंबर निघतो, काच बसते. पडदा दिसत नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास बसवतात आणि मग डॉक्टर आत बघतात, किंवा खास कॅमेऱ्याने फोटो काढतात. ‘डोळे तपासले’ असं कुणी सांगितलं की मी एवढंच विचारतो, ‘थेंब घातले होते का? पडद्याचा फोटो काढला का?’ दोन्हींना नकार आला तर तपासणी व्हायची आहे.

थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी मोटरसायकल नेऊ नका. अंजूरफाट्याचे कंटेनर आणि आपल्या रस्त्यावरचे खड्डे धड डोळ्यांनाही चुकवता येत नाहीत. आणि त्याच दिवशी लूमवर उभं राहू नका.

दुकानाचीच आणखी एक गोष्ट. साखर वर-खाली होत असेल तर डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. आज केलेला चष्मा महिन्याने चालत नाही, मग दुकानदाराशी भांडण. साखर काही आठवडे एका पातळीवर राहू द्या, मग काचा करा.

३. अंधुक दिसलं की मोतीबिंदूच, असं नाही.

पद्मानगरात माझ्या ओळखीचे एक अण्णा होते. वारंगलकडून तरुणपणी आले आणि लूमवरच म्हातारे झाले. उजव्या डोळ्याने दिसेना तेव्हा घरच्यांनी ठरवलं, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. मोतीबिंदू पिकायची वाट बघणं ही जुन्या काळची रीत. आता तशी गरज नसते. पण अण्णांचा प्रश्न तो नव्हताच. मोतीबिंदू थोडा होता, आणि त्याच्या मागे पडद्यावर रक्त येऊन पडदा ओढला गेला होता. तो डोळा गेला. डावा डोळा लेसरने राहिला, आणि पुढे नातवंडांची लग्नं त्यांनी त्याच डोळ्याने पाहिली.

शुगरवाल्याला मोतीबिंदू लवकर होतो हेही खरं, त्यामुळे दोन्ही आजार एकत्र नांदतात. ऑपरेशनच्या आधी पडदा दाखवा. पडद्याला सूज असेल तर आधी तिचा बंदोबस्त करायचा की दोन्ही एकदम, हे डॉक्टर ठरवतात. न बघता मोतीबिंदू काढला तर नवं भिंग बसूनही दिसत नाही, आणि घरी येऊन माणूस ऑपरेशनला शिव्या देतो.

४. एकेक डोळा झाकून बघा.

ही गोष्ट मला माझ्या धंद्याने शिकवली. ग्रे कापडात ताणे उभे, सरळ असतात. एका संध्याकाळी टेबलावरच्या ताक्यात मधले ताणे आत वाकलेले दिसले. वाटलं, बीम खराब भरला आहे. दुसरा ताका घेतला, दुसऱ्या मालकाचा. तिथेही तसंच. मग डावा डोळा झाकला, ताणे सरळ. उजवा झाकला, पुन्हा वाकडे. कापड दोन डोळ्यांना दोन तऱ्हेचं असू शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी पडद्याच्या डॉक्टरांकडे होतो.

पडद्याच्या बरोबर मधोमध एक लहानसा भाग आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं हे सगळं तोच करतो. तिथे पाणी झिरपून सूज आली की सरळ रेघ वाकडी दिसते, अक्षरं मधूनच गायब होतात, रंग फिके पडतात. शुगरमुळे नजर कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण ही सूज आहे, आणि ती आजाराच्या कोणत्याही टप्प्यावर येऊ शकते. डॉक्टरांनी एक चौकटी आखलेला कागद दिला. घरी चष्मा लावून, एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि चौकटी मोडल्या-वाकल्या का ते पाहायचं. कागद नसला तर खिडकीचे गज, मोरीच्या फरशा, मुलांची चौकटीची वही, काहीही चालतं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा बहुतेकदा वाईटाची चूक झाकतो, आणि माणूस महिनोन्‌महिने फसतो.

सुजेसाठी ओसीटी नावाची तपासणी होते. यंत्रासमोर हनुवटी ठेवून क्षणभर स्थिर बसायचं. ना सुई, ना वेदना. पडद्याच्या थरांचं उभं चित्र येतं आणि सूज मोजता येते. दर वेळचा कागद जपून ठेवा, कारण मागच्या चित्राशी ताडून बघितल्यावरच पुढचं ठरतं. मोठ्या रुग्णालयात कधी डोळ्याची अँजिओग्राफीही करतात. हाताच्या शिरेत रंग सोडतात आणि पुढे दिवसभर लघवी पिवळीधमक होते. आधी सांगत नाहीत, मग माणूस घाबरतो. म्हणून मी सांगून ठेवतो.

५. डोळ्यात सुई, या कल्पनेला घाबरा, सुईला नको.

सुजेवर उपाय म्हणून ‘डोळ्यात इंजेक्शन’ ऐकून अर्धे लोक तिथूनच घरी जातात. प्रत्यक्षात आधी बधिर करणारे थेंब घालतात, डोळा जंतुनाशकाने धुतात, पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात आणि बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागातून अतिशय बारीक सुईने औषध सोडतात. काही सेकंदांचं काम. दाब जाणवतो, जळजळते ती धुतलेल्या औषधाने. त्या उपाशी पडद्याने सोडलेलं रसायन हे औषध अडवतं, त्यामुळे झिरपणं कमी होतं.

एका इंजेक्शनने भागत नाही. सुरुवातीला दर महिन्याला, आणि पहिल्या वर्षात आठ-दहा लागणं नेहमीचं. पुढे अंतर वाढत जातं. मधेच ‘आता बरं दिसतंय’ म्हणून थांबलात तर सूज परत येते.

पैशांचं बोलू या, कारण खरी अडचण तीच. यात मुख्य तीन औषधं आहेत. त्यांतलं बेव्हासिझुमॅब मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं. बाटलीतून डोळ्यापुरती मात्रा काढून देतात, म्हणून सगळ्यात स्वस्त. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट महाग, पण रॅनिबिझुमॅबची भारतीय आवृत्ती २०१५ पासून मिळते. अमेरिकेत या तिन्हींची तुलना करून २०१५ मध्ये निष्कर्ष आले: नजर थोडीच कमी असेल तर तिन्हींचा गुण सारखा, नजर बरीच उतरली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारायला लाजू नका: ‘माझ्या नजरेला स्वस्तातलं चालेल का?’ मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘काका, तुम्हाला चालेल. महागडं दोनदा घेऊन बंद करण्यापेक्षा स्वस्त पूर्ण घ्या.’

इंजेक्शननंतर एक-दोन दिवस डोळा थोडा लाल असतो. पण वेदना वाढत गेली, नजर उतरली, डोळा लालभडक झाला, तर रविवार असो, सण असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

६. लेसरने नजर वाढत नाही. असलेली राहते.

चहाच्या टपरीवर ऐकू येतं, ‘लेसर केला आणि दिसायचं बंद झालं.’ लेसर उशिरा केला, हे कुणी सांगत नाही. नव्या कच्च्या वाहिन्या उगवल्या की पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो बारीक ठिणग्या देतात, बहुधा दोन-तीन बैठकांत. त्या भागाची रक्ताची मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. म्हणजे मधली नजर वाचवण्यासाठी कडेची थोडी द्यायची. लेसरनंतर रात्री अंधारात चाचपडायला होतं आणि बाजूचं जरा कमी दिसतं, हे खरं आहे. रात्रपाळीवरून चालत घरी येणाऱ्यांनी खिशात टॉर्च ठेवावी. पण १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं की असा लेसर केल्याने नजर पार जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो. पन्नास वर्षांत किती औषधं आली, तरी हा उपाय टिकून आहे. ज्यांना दर महिन्याला मुंबईला जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी तर तोच भरवशाचा.

डोळ्यासमोर अचानक काजळीचे ठिपके, माशा, जाळी तरंगू लागली तर आत रक्त आलं असू शकतं. कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं तर डोळ्याचा पडदा निसटत असू शकतो. दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका. रक्त विरघळलं नाही किंवा पडदा ओढला गेला तर आतली जेली काढून साफ करण्याची शस्त्रक्रिया करतात. रॉबर्ट माखेमर यांनी १९७० च्या सुमारास ती मायामीत सुरू केली. त्याआधी अशा डोळ्यांना काही इलाज नव्हता.

७. डोळ्याचा डॉक्टर एकटा पुरत नाही.

साखर आवरली नाही तर लेसर आणि सुया म्हणजे गळक्या घरात लादी पुसणं. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी ठरल्या वेळी करा. उपाशीपोटी काढलेला एकच आकडा फसवतो, कारण दोन दिवस गोड सोडून जाणारे महाभाग आपल्यात आहेत. आणि रक्तदाब विसरू नका. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात १९९८ मध्ये दिसलं की रक्तदाब नीट ताब्यात ठेवलेल्या मधुमेहींमध्ये पडद्याचा आजार वाढण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश कमी झालं. रक्तदाबाची गोळी चुकवणाऱ्याला मी हे मुद्दाम ऐकवतो, कारण ती गोळी डोळ्याचीही आहे हे कुणाच्या गावी नसतं.

बारा तासांची पाळी, रात्रभर गोड चहा, बिस्सीतला म्हणजे कामगारांच्या खानावळीतला भाताचा डोंगर आणि तोंडात तंबाखू: यंत्रमागावरच्या माणसाला पथ्य सांगणं सोपं, पाळणं अवघड. मी लूमवाल्यांना तीनच गोष्टी सांगतो. चहा बिनसाखरेचा, भात अर्धा करून डाळ-भाजी वाढवा, तंबाखू सोडा. रोजे असोत वा नवरात्राचे उपवास, धरण्याआधी गोळ्यांची आणि इन्सुलिनची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या. आणि बरीच वर्षं चढलेली साखर एकदम खाली आणणार असाल तर त्याआधी पडदा दाखवून घ्या; झपाट्याने उतरवल्यावर सुरुवातीला पडदा काही काळ बिघडू शकतो. म्हणून साखर उतरवणं टाळायचं नाही, फक्त डोळ्यांवर लक्ष ठेवायचं.

पडद्यात बिघाड निघाला तर लघवीतलं प्रोटीनही तपासा. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्यांनाही हीच साखर खाते.

८. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात जायचं तर दिवस गेला असं समजूनच निघा.

भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, गाड्या मोजक्या. म्हणून आपण एसटीने किंवा रिक्षाने कल्याण नाहीतर ठाणे गाठतो आणि तिथून लोकलने भायखळा. पहाटे निघा, सोबत कुणी घ्या, जुने सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते ते रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड आणि आधार घरी विसरू नका. आपल्या इंदिरा गांधी उपजिल्हा रुग्णालयात रक्त आणि रक्तदाब तर तपासून घ्याच, आणि डोळ्यांसाठी पुढची चिठ्ठीही तिथूनच मागा.

९. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, कुणा बाबाचे थेंब यांतलं काही पडद्यापर्यंत पोचत नाही. जळजळ मात्र पोचते.

१०. मुंबईतल्या धारावीने करून दाखवलं आहे.

डॉ. एस. नटराजन यांच्या वडाळ्याच्या आदित्य ज्योत संस्थेने धारावीत घरोघरी जाऊन मधुमेह आणि पडदा तपासला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत त्यांनी केलेल्या पाहणीत मधुमेहींपैकी सुमारे १५ टक्के लोकांच्या पडद्यावर परिणाम सापडला. पुढे याच मंडळींनी मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलला जोडलेला कॅमेरा वापरून पाहिला. डोळ्याचा डॉक्टर समोर नाही, साध्या आरोग्य कर्मचाऱ्याने फोटो काढायचा आणि फोनमधल्याच संगणकीय प्रणालीने, इंटरनेट नसतानाही, ‘याला पुढे पाठवा’ की ‘ठीक आहे’ हे सांगायचं. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले, आणि पुढे पाठवण्यासारखे रुग्ण त्या प्रणालीने सोडले नाहीत.

धारावीत जे झालं ते भिवंडीत का होऊ नये? आपल्याकडे डोळ्यांची शिबिरं खूप होतात, फलक मोठे लागतात, फोटो निघतात. बहुतेक ठिकाणी मोतीबिंदू बघतात आणि चष्मे वाटतात. महानगरपालिकेला आणि लूममालकांच्या संघटनांना माझं सांगणं आहे: पुढचं शिबिर पडद्याचं घ्या, कारखान्याच्या दारात घ्या आणि पाळी बदलते त्या वेळेला घ्या. बोट टोचून साखर बघा, जास्त निघाली की तिथेच पडद्याचा फोटो काढा. ज्याच्या पडद्यात काही सापडेल त्याला जे.जे.ला जायला पगारी दिवस द्या; बरीच माणसं इंजेक्शनं चुकवतात ती दिवसाचा रोज बुडतो म्हणून, केवळ भीतीने नाही. आणि वाचणाऱ्या मंडळींनो, घरात कुणाला शुगर असेल तर या आठवड्यात थेंब घालून पडदा तपासून घ्या.